सातवी आणि आठवीच्या मधला मे महिना

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळी सुट्टीतलं, लालबाग-काळाचौकी परिसरातल्या एका मराठी शाळेतलं. त्या वर्गाची मी वर्गशिक्षिका होते. मुलांची, पालकांची, शाळेची नावं इथे दिलेली नाहीत आणि कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इतर शाळांतल्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून आम्ही काय ठरवलं, का ठरवलं आणि कुठे चुकलो, ते घडलं तसं लिहिते आहे.

पार्श्वभूमी

आमची शाळा सातवीपर्यंतच. निकालानंतर मुलांच्या हाती दाखला पडतो आणि जूनमध्ये तोच वर्ग आजूबाजूच्या तीन-चार हायस्कुलांत वाटला जातो. पहिलीपासून एका बाकावर बसलेली मुलं एका दिवसात वेगळी होतात. मधे असतो तो फक्त मे महिना.

वर्गात ३१ मुलं होती. काही जुन्या चाळींत राहणारी, काही पुनर्विकासातल्या टॉवरमध्ये, काही शिवडीकडच्या संक्रमण शिबिरात, म्हणजे घर नव्याने बांधून होईपर्यंतच्या तात्पुरत्या वस्तीत. तिघांच्या चाळी पाडल्यावर घरच्यांनी बिल्डरचं भाडं घेऊन दिवा आणि नालासोपारा गाठलं होतं. मुलाचं सातवीचं वर्ष मोडू नये म्हणून ती तिघं रोज लोकलने शाळेत यायची.

चाळीतल्या मुलाला सोबत शोधावी लागत नाही. गॅलरीत आलं की कुणी ना कुणी असतंच. टॉवरमधल्या मुलाचं दार दिवसभर बंद, कारण कामावर जाताना आईने बजावलेलं असतं, कुणीही बेल वाजवली तरी उघडायचं नाही. संक्रमण शिबिरात शेजार नवा, कुणाला हाक मारायची तेच कळत नाही. हे सगळं आम्हाला दिसत होतं. तरीही दरवर्षी सगळ्यांना सूचना एकच: रोज पाच ओळी शुद्धलेखन, दहा गणितं, बाकी मजा करा.

आणि गाव? पूर्वी या भागातली मुलं परीक्षा संपली की कोकणात जायची ती पावसाच्या तोंडावरच परतायची. आता आईलाही नोकरी, तिला रजा आठ दिवसांची, गावच्या घराला कुलूप. आमच्या वर्गातली १३ मुलं गावाला जाणार होती, पण महिनाभर राहणारी त्यातली पाचच. उरलेली १८ पूर्ण सुट्टी मुंबईत.

अडचण

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कपाट आवरताना आदल्या तुकडीचे चार दाखले तसेच सापडले. न्यायला कुणी आलंच नव्हतं. म्हणजे चार मुलं आठवीला कुठेच गेली नव्हती आणि आम्हाला ते दोन महिने कळलंही नव्हतं. प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. पैशांची अडचण एकाच घरात होती. एक मुलगा दारातच उभा राहून म्हणाला, “तिकडे माझं कोणी नाही, बाई.” त्याचे दोन्ही मित्र दुसऱ्या हायस्कुलात गेले होते. मे महिनाभर तो एकटाच घरी होता, आणि जूनमध्ये अनोळखी शाळेच्या फाटकापर्यंत जायची त्याची हिंमत झाली नाही. घरच्यांना वाटलं, जाईल चार दिवसांनी.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा पक्कं बसलं की सुट्टीत मुलं अभ्यास विसरतात ही निम्मीच गोष्ट आहे. महिना-दीड महिना कुणाशी धड बोलायला न मिळालेलं मूल माणसांत मिसळायची सवयही विसरतं. आमच्या मुलांच्या बाबतीत तर जूनमध्ये जुनी माणसंही समोर नसतात.

समोर असलेले पर्याय

मार्च २०२५ मध्ये आम्ही तीन शिक्षिका आणि मुख्याध्यापक बसलो. वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत होती, शाळा १६ जूनला उघडणार होती. हातात सात आठवडे.

मुख्याध्यापकांचा भर अभ्यासावर होता. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला स्वाध्याय पाठवू, म्हणाले. त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळी सुट्टीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे जातात आणि गणितात जास्त, असं त्यांना आढळलं होतं. आमची अडचण फोनची होती. ३१ पैकी बहुतेक घरांत चांगला फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात. शिवाय स्वाध्याय एकट्याने सोडवायचे असतात. एकट्या मुलाला आणखी एकट्याचं काम देऊन काय साधणार?

दुसरा पर्याय तयार उन्हाळी शिबिराचा. नृत्य, चित्रकला, पोहणं. आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली आणि फी ऐकून थांबलो. चार-पाच मुलांची फी भरता आली असती, पण त्या चार-पाचांची निवड कशी करणार?

तिसरा, शाळेचाच एक वर्ग उघडायचा. मे महिन्यात इमारतीची दुरुस्ती निघाली होती, तो मार्ग आपोआप बंद झाला.

चौथा पर्याय आम्ही निवडला: आठवड्यातून तीन दिवस, दोन तास, वस्तीतच कुठेतरी जमायचं. शिकवणी नाही, फी नाही. एका गणेशोत्सव मंडळाने आपलं कार्यालय दिलं. एक निवृत्त गिरणी कामगार आजोबा आणि दोन मुलांच्या आया आळीपाळीने बसायला तयार झाल्या. करायचं काय, तर एकच मोठं काम: खेळवही. प्रत्येकाने घरातल्या किंवा गावातल्या मोठ्या माणसांकडून एक खेळ शिकून यायचा, सगळ्यांना शिकवायचा आणि नियम वहीत लिहायचे.

गावाला जाणाऱ्यांना प्रत्येकी तीन पोस्टकार्डं दिली. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळतं. पत्ता माझा घालायचा नाही, मुंबईत राहणाऱ्या वर्गमित्राचा घालायचा, हे आमच्यातल्या सर्वांत तरुण बाईंनी सुचवलं. मी तेव्हा त्याला फार महत्त्व दिलं नव्हतं.

पहिला आठवडा: आलेली मुलं आणि न आलेली मुलं

५ मेला सुरुवात केली. वेळ दुपारी ४ ते ६. पहिल्या दिवशी नऊ मुलं आली. बुधवारी तीच नऊ, शुक्रवारी तीच नऊ. कॅरम रंगला, डबा ऐसपैसवरून भांडणं झाली, आजोबांनी लगोरीसाठी फरशीचे तुकडे घासून दिले. बघणाऱ्याला वाटलं असतं, छान चाललंय. मलाही शुक्रवार संध्याकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

घरी आल्यावर हजेरीची वही उघडली. ती नऊच्या नऊ मुलं दोन शेजारच्या चाळींतली होती. आम्ही नसतो तरी ती एकमेकांबरोबर खेळलीच असती. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्यांच्यातलं एकही मूल तिथे नव्हतं.

शनिवार-रविवार आम्ही तिघींनी घरं वाटून घेतली आणि न आलेल्या प्रत्येकाकडे गेलो. कारणं अगदी साधी होती, आणि आम्ही आधी विचारली असती तर आधीच कळली असती. ५ वाजता पाणी येतं. ते भरायचं काम मुलींकडे. मंडळाच्या कार्यालयात संडास नाही. दोन तास मुलगी कशी थांबणार, असं एका आईने मला सरळ विचारलं आणि मला उत्तर नव्हतं. शिवडीहून येणाऱ्यांना बस लागते, आणि नेमकं ९ मेपासून बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांचं १० झालं होतं. तिथल्या एका आईने जायचे-यायचे, आठवड्याचे, महिन्याचे पैसे बोटांवर मोजून दाखवले.

आणि एक मुलगी, तिला मी इथे थोरली म्हणते. वर्गात हुशार, बोलकी, कवितेला हमखास पहिला हात तिचा. तिच्या घरी गेले तेव्हा ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन एका हाताने भांडी घासत होती. चार वर्षांची बहीण तिच्या फ्रॉकला धरून उभी. आई तीन घरची कामं करून दुपारी ३ ला येते आणि संध्याकाळी पुन्हा जाते. “बाई, मी आले असते,” ती म्हणाली, “पण ह्यांना कुठे ठेवू?”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “घेऊन ये दोघांना.” परतीच्या वाटेवर मात्र पोटात गोळा आला. लहान मुलांची जबाबदारी आम्ही घेऊ शकतो का? कुणी पडलं, लागलं तर?

निर्णय: भावंडांसह

या प्रश्नावर आमच्यात खरा वाद झाला. एका सहकारी बाईंचं म्हणणं होतं की तान्ही मुलं आली की मोठ्यांचं काही होणार नाही, ते पाळणाघर होईल. आजोबा म्हणाले, गिरणी चालू होती तेव्हा आमच्या चाळीत प्रत्येक थोरल्या पोरीच्या कडेवर एक पोर असायचंच, तरी ती लंगडी खेळायची. शेवटी ठरलं ते असं: तीन वर्षांवरची भावंडं चालतील. त्याहून लहान मूल असेल तर आयांपैकी एक जण फक्त त्याच्याकडे बघेल. प्रत्येक घरून तसं लिहून घ्यायचं.

१२ मेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती, म्हणून १३ तारखेपासून नवी घडी बसवली. वेळ सकाळी ८ ते १०. जागा बदलली, एका इमारतीच्या तळमजल्यावरची बालवाडी सुट्टीत रिकामी होती, तिथे संडास होता, पंखा होता आणि जमिनीवर सतरंजी. शिवडीच्या मुलांसाठी त्यांच्याच आवारात आठवड्यातून दोनदा वेगळी बैठक, तिथे आमच्यापैकी एक जण जायची. बोलवायची पद्धतही बदलली. शिक्षकांनी निरोप द्यायचा नाही. येणाऱ्या दोघांनी मिळून न येणाऱ्या एकाला घरून घेऊन यायचं. टॉवरमधल्या मुलांच्या आयांना कोण दोघं येणार ते आधी सांगून ठेवलं, म्हणजे बेल वाजली की दार उघडायची मुभा.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस १५ मुलं आणि सात भावंडं झाली. खोलीत आवाज इतका की वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा खाली आल्या, आणि तिसऱ्यांदा आल्या त्या सागरगोटे घेऊनच.

थोरलीने आजीकडून शिकलेला बदाम सात वहीत लिहिला. पत्त्यांचा हा डाव आठ जण खेळू शकतात आणि लहानग्यांनाही कळतो. बदामाची सत्ती ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची. तिच्या चार वर्षांच्या बहिणीला ७ हा आकडा असा पाठ झाला की ती पंख्याच्या रेग्युलेटरपासून कॅलेंडरपर्यंत सगळीकडे सत्त्या शोधत फिरायची. आणि थोरली? मांडीवर भाऊ झोपलेला, हातात पत्ते, आणि ती जोरजोरात हसते आहे. वर्षभर वर्गात असूनही तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पोस्टकार्डं

दिव्याला राहणारा मुलगा वर्गात खिडकीपाशी बसायचा. फार बोलायचा नाही. सुट्टी लागली की शाळेच्या पत्रावरचा रेल्वेचा पास पुढे काढला जात नाही, म्हणजे त्याचा लालबागशी संबंधच तुटतो. १९ मेला तो अचानक बालवाडीच्या दारात उभा. वडील लोअर परळला कामाला, त्यांच्याबरोबर करी रोडला उतरून आला होता. खिशातून त्याने पोस्टकार्ड काढलं. राजापूरकडच्या गावी गेलेल्या मित्राने पाठवलेलं, कोपऱ्यावर आंब्याच्या चिकाचा काळा डाग. मजकूर दोनच ओळींचा: इथे विटीदांडूचे नियम वेगळे आहेत, बालवाडीत जाऊन वहीत लिही, माझी पाळी तू घे.

माझे दोन फोन त्याच्या वडिलांना गेले होते. “बघतो, बाई,” यापुढे गाडी सरकली नव्हती. दोन ओळींच्या पत्राने तो तासाभराचा प्रवास करून आला, कारण तिथे त्याच्या नावावर एक काम होतं. त्या दिवसापासून तो आठवड्यातून एकदा येऊ लागला.

सगळी पत्रं पोचली नाहीत, हेही सांगायला हवं. संक्रमण शिबिरात खोली क्रमांक नीट न लिहिल्याने काही गहाळ झाली.

२६ मे

सोमवारी २६ तारखेला राणीच्या बागेत जायचं ठरलं होतं. बाग बुधवारी बंद असते म्हणून सोमवार धरला. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो. पावसाचा विचार आमच्या डोक्यातही नव्हता. त्या वर्षी तो २६ मेलाच आला. पहाटेपासून धो धो. दादरजवळचा हिंदमाता चौक नेहमीप्रमाणे पाण्याने भरला, लोकल रखडल्या. सकाळी ७ वाजता आम्ही सहल रद्द केली आणि फोन सुरू केले.

दिव्याच्या मुलाला निरोप गेलाच नाही. त्याचे वडील लोकलच्या गर्दीत होते, फोन लागत नव्हता, आणि दुसरा नंबर आमच्याकडे नव्हता. ९ च्या सुमाराला तो बालवाडीच्या बंद दारासमोर पोचला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, डब्याची पिशवी छातीशी धरून. वडील त्याला करी रोडला सोडून पुढे गेले होते. मला हे कळलं ते १० नंतर, तेही थोरलीच्या आजीच्या फोनवरून. तासभर एक तेरा वर्षांचा मुलगा पावसात कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. त्या तासाची आठवण आली की आजही हात गार पडतात.

तो सुखरूप होता, कारण त्याने परत जायचा प्रयत्न न करता थोरलीचं घर गाठलं होतं. आजीने त्याला कोरडा शर्ट दिला, आमटी-भात वाढला. संध्याकाळी वडील न्यायला आले तेव्हा तो पाच मुलांबरोबर झब्बू खेळत होता. मी त्या वडिलांची माफी मागितली. ते म्हणाले, “बाई, त्याला जायला घर होतं, ते बरं झालं.” त्यांचा मोठेपणा. चूक आमचीच होती.

सहल २ जूनला झाली. मुलांनी बागेतलं गोरखचिंचेचं अवाढव्य झाड हातांची साखळी करून मोजलं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीपाशी डबे उघडले. हाच तो घारापुरीचा मूळ हत्ती, हे त्यांना आजोबांनी सांगितलं.

निष्पत्ती

आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यातच दाखले बालवाडीत आणून वाटले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला मागताच द्यावा लागतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून पुढच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हेही पालकांना समजावून सांगितलं. एकाच हायस्कुलात जाणाऱ्या मुलांनी पहिल्या दिवशी कुठे भेटून एकत्र निघायचं, ते त्यांनीच ठरवलं.

१६ जूनच्या आठवड्यात २८ मुलं जवळच्या हायस्कुलांत हजर होती. दोघांनी लांबच्या शाळांत प्रवेश घेतला, त्यातला एक दिव्याचा. एक दाखला मात्र कपाटात राहिला.

तो होता पहिल्या आठवड्यातल्या नऊंपैकी एकाचा. क्रिकेटचा कप्तान, सगळ्यांना गोळा करणारा. मेच्या चौथ्या आठवड्यात तो यायचा थांबला. गावी गेला असेल असं धरून आम्ही विचारलंही नाही. तो मामाच्या टेम्पोवर जाऊ लागला होता. हातात रोजचे पैसे यायला लागले की शाळा लांब वाटू लागते. जुलैत प्रवेश झाला, पण हजेरी वर्षभर तुटक राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

आमची यादी एकट्या मुलांची होती. मित्रांनी वेढलेलं मूल सुरक्षित आहे असं आम्ही गृहीत धरलं आणि कप्तान नजरेतून सुटला. सलग दोन बैठका चुकल्या की घरी जायचं, मग ते मूल कुणीही असो, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता.

वेळ आणि जागा ठरवण्याआधी आयांना विचारायला हवं होतं. पाण्याची वेळ आणि संडास या दोन गोष्टींपायी सात आठवड्यांतला एक वाया गेला. प्रत्येक मुलाचे दोन फोन नंबर हवेत, त्यातला एक शेजाऱ्याचा. यंदा ते फेब्रुवारीतच लिहून घेतले आहेत.

सर्वांत जास्त विचार मी दिव्याच्या मुलाचा करते. त्याला लालबागच्या मुलांत परत आणलं याचा आम्हाला आनंद झाला होता, पण जूनमध्ये त्याला बसायचं होतं दिव्याच्या वर्गात, आणि तिथे त्याला ओळखणारं एकही मूल नव्हतं. जुनी सोबत जपताना नवी जोडून द्यायचं राहून गेलं. मे महिन्यात त्या शाळेला एक फोन करून तिथे जवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाशी त्याची गाठ घालून दिली असती, तर त्याचे पहिले दोन महिने इतके जड गेले नसते. यंदा लांब जाणाऱ्या चार मुलांसाठी ते फोन एप्रिलमध्येच करणार आहोत.

दिवाळीच्या सुट्टीत त्याचं पोस्टकार्ड आलं, या वेळी माझ्या पत्त्यावर. खेळवहीची झेरॉक्स पाठवा, लिहिलं होतं, इथल्या मुलांना डबा ऐसपैसचे आपले नियम माहीत नाहीत. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढून पोस्टात टाकली.